पेशीतल्या घड्याळाचा रिसेप्टर: माझ्या पीएचडीची हकिकत

माझा थिसिस मान्य झाल्याचं विद्यापीठाचं पत्र गेल्या महिन्यात हातात पडलं. विषय होता रेव्ह-अर्ब अल्फा हा न्यूक्लिअर रिसेप्टर, आणि यकृतात चरबी तयार करणाऱ्या जनुकांवर तो दिवसाच्या वेळेनुसार ठेवत असलेला ताबा. ऑगस्ट २०१५ मध्ये मी लॅबमध्ये रुजू झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला. मधल्या काळात ज्युनियर मुलामुलींचे प्रश्न येत राहिले. अँटिबॉडी कोणती घेऊ, एथिक्सचा फॉर्म परत आला आता काय करू, औषधाचा परिणाम दिसतोय पण गाईड समाधानी नाहीत. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तरं दिली. इथे सगळं क्रमाने लिहून ठेवते.

पहिले काही महिने फक्त वाचन केलं. न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणजे असे प्रथिन-रेणू, जे हॉर्मोन किंवा तत्सम छोटा रेणू स्वतःला चिकटवून घेतात आणि थेट डीएनएवर बसून जनुक चालू किंवा बंद करतात. इन्शुलिनचा रिसेप्टर पेशीच्या आवरणावर असतो आणि निरोप आत पोचवायला त्याला मध्यस्थांची साखळी लागते. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल, थायरॉइड हॉर्मोन यांचं तसं नाही. ती पेशीत शिरतात, आणि ज्या रिसेप्टरला चिकटतात तोच डीएनएवर काम करतो. माणसात अशा रिसेप्टरांची ४८ जनुकं आहेत, उंदरात ४९. डेक्सामेथासोन, टॅमॉक्सिफेन, पायोग्लिटाझोन ही रोजच्या वैद्यकातली औषधं याच कुटुंबावर काम करतात.

नव्याने येणाऱ्यांनी आढावा लेखांच्या ढिगाऱ्यात शिरण्याआधी मोजके जुने पेपर वाचावेत, असं माझं ठाम मत आहे. उलरिक क्लेव्हर आणि पीटर कार्लसन यांनी १९६० मध्ये किरोनोमस या माशीच्या अळीला एक्डायसोन हे हॉर्मोन टोचलं, तेव्हा लाळग्रंथींतल्या महाकाय गुणसूत्रांवर ठरावीक ठिकाणी फुगवटे आले. हॉर्मोनने जनुक चालू होताना डोळ्यांनी दिसलं ते तिथे. पेपर जर्मनमध्ये आहे, पण आकृत्या पाहिल्या तरी पुरे. एलवुड जेन्सन यांनी त्याच सुमारास किरणोत्सर्गी इस्ट्राडिऑल वापरून दाखवलं की हे हॉर्मोन गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांतच धरून ठेवलं जातं, म्हणजे तिथे त्याला धरणारं काहीतरी आहे. पुढे १९८५ मध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या लॅबने माणसाच्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचं जनुक क्लोन केलं आणि १९८६ मध्ये पिएर शाँबों यांच्या लॅबने इस्ट्रोजेन रिसेप्टरचं. जेन्सन, इव्हान्स आणि शाँबों या तिघांना २००४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. हे वाचल्यावर मला कळलं की या क्षेत्रात आधी हॉर्मोन माहीत असायचं आणि मग रिसेप्टर सापडायचा. क्लोनिंग सुरू झालं आणि क्रम उलटला. रिसेप्टर हाती लागत गेले, पण त्यांना चिकटणारा रेणू कोणता हे कुणालाच माहीत नव्हतं. हे ते अनाथ रिसेप्टर. रेव्ह-अर्ब अल्फा त्यातलाच. जनुक १९८९ मध्ये सापडलं आणि त्याला हीम हा (हिमोग्लोबिनमध्येही असणारा) रेणू चिकटतो हे २००७ मध्ये सिद्ध झालं.

मला तो आवडला त्याच्या वेगळेपणामुळे. बहुतेक न्यूक्लिअर रिसेप्टरांच्या शेपटाकडे बारावं हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखा वळलेला तुकडा, असतं. हॉर्मोन चिकटलं की ते वळतं आणि जनुक चालू करणाऱ्या सहकारी प्रथिनांना जागा करून देतं. रेव्ह-अर्बमध्ये ते नाहीच. त्यामुळे तो जनुक चालू करू शकत नाही, फक्त दाबतो. एनकोर आणि एचडॅक-३ या जनुक दाबणाऱ्या प्रथिनांना तो डीएनएवर बोलावून घेतो. शिवाय तो दिवसभर सारखा नसतो. उंदराच्या यकृतात दिवसाच्या उत्तरार्धात त्याचं प्रमाण शिगेला पोचतं आणि रात्री उशिरा तो जवळजवळ नाहीसा होतो. पेशीतल्या चोवीस तासांच्या घड्याळाचा तो एक भाग आहे, कारण बीमॅल-१ हे घड्याळाचं मुख्य जनुक तोच दाबतो. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात उंदराच्या प्रथिन बनवणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या अवयवात दिवसाच्या तालावर चालताना आढळली. यकृत कोणत्या वेळी तपासलं याचा उल्लेखच नसलेले पेपर मी त्यानंतर वेगळ्या नजरेने वाचू लागले.

प्रश्न ठरला: रेव्ह-अर्बला चालना देणारं औषध दिलं तर चरबीची कोणती जनुकं दबतात, आणि त्याला दिवसाच्या वेळेचा काही फरक पडतो का? औषधही तयार होतं. एसआर९००९ या रेणूवरचा पहिला मोठा पेपर २०१२ मध्ये आला होता. ते माणसांसाठी मान्य झालेलं औषध नाही, पण लॅबमध्ये सर्रास वापरलं जात होतं.

आता कागदपत्रं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी एथिक्स कमिटीचा अर्ज मी जानेवारी २०१६ मध्ये टाकला. कमिटी दर दोन महिन्यांनी बसायची, म्हणजे एक शंका निघाली की दोन महिने गेलेच. माझा अर्ज शंकांसह परत आला. उंदरांची संख्या कशावरून ठरवली? रात्रीचे नमुने कोण घेणार आणि त्या व्यक्तीचं प्रशिक्षण झालं आहे का? अंधारात प्राण्याला इजा होणार नाही याची काय व्यवस्था? फक्त नरच का? हे प्रश्न रास्त होते. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन तत्त्वं आजही या फॉर्मचा कणा आहेत: प्राण्याऐवजी दुसरं काही चालेल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्रास कमी करता येईल का. संख्येचं गणित करायला मी संख्याशास्त्र विभागातल्या एका ताईंकडे गेले. दर चार तासांनी नमुने, म्हणजे सहा वेळा, प्रत्येक वेळी किती उंदीर, आणि तालाचा फरक किती मोठा असला तर तो पकडता येईल, हे त्यांनी एका पानावर मांडून दिलं. ते पान जोडल्यावर संख्येबद्दल पुन्हा विचारणा झाली नाही. अर्ज टाकण्याआधीच संख्याशास्त्रज्ञाला भेटा आणि गणिताचं पान सुरुवातीपासून जोडा.

दुसरी आघाडी होती उंदीर मिळवण्याची. यकृतातून रेव्ह-अर्ब अल्फा काढून टाकता येईल असे उंदीर दुसऱ्या एका लॅबकडे होते आणि त्यांनी आनंदाने होकार दिला. पण होकार आणि उंदीर यांच्यामध्ये मटेरियल ट्रान्स्फर ॲग्रीमेंट, म्हणजे संशोधनाचं साहित्य देण्याघेण्याचा करार, असतं. ते दोन संस्थांमध्ये होतं, दोन प्राध्यापकांमध्ये नाही. सही संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची लागते. आमचा मसुदा एका कलमावर अडकला: या उंदरांपासून पुढे काही नवं निघालं तर त्यावर हक्क कुणाचा? दोन्हीकडच्या कायदा विभागांची पत्रं जातयेत राहिली आणि मी दर आठवड्याला एक नम्र ईमेल पाठवत राहिले. करार झाल्यावरही जिवंत उंदीर आले नाहीत. गोठवलेले भ्रूण द्रव नायट्रोजनच्या वाफेवर ठेवलेल्या भांड्यातून आले. आरोग्याचा दाखला, आयातीची परवानगी, कस्टम्सची कागदपत्रं ही सगळी भांडं निघायच्या आधी तयार लागतात, कारण भांडं ठरावीक दिवसच थंड राहतं. मग भ्रूणांचं रोपण, पिल्लांची रोगतपासणी आणि पैदास. उंदराचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा, पिल्लं आईपासून वेगळी करायला आणखी तीन, आणि वयात यायला सहा ते आठ आठवडे. एक पिढी म्हणजे तीन महिने धरा आणि गाईडला तारीख देताना तेवढाच काळ जोडून द्या.

रात्रीचे नमुने पहिल्यांदा घेतले ते २०१७ मध्ये. या प्रयोगात वेळ घड्याळावर मोजत नाहीत. पिंजऱ्यांच्या खोलीत दिवे लागले तो शून्य तास. बारा तास उजेड, बारा तास अंधार. अंधाराच्या तासांत पांढरा उजेड एक क्षणही पडता कामा नये, नाहीतर घड्याळच सरकतं. त्यामुळे मंद लाल दिव्यात काम करायचं. लॅबमधल्या सिनियर दादाने आदल्या दिवशी माझ्या ट्यूबांचा स्टँड पाहिला आणि म्हणाला, "लाल पेनने लिहिलेली सगळी लेबलं बदल. लाल उजेडात ती कोरी दिसतील." खरंच, लाल शाई लाल दिव्याखाली पांढऱ्या कागदावर दिसत नाही. सगळी लेबलं काळ्या, स्पिरिटने न पुसणाऱ्या शाईने पुन्हा लिहिली. त्या रात्री आम्ही तिघं होतो. एक जण उंदीर आणून देणार, एक जण यकृत काढणार, एक जण तुकडे करून वेळ लिहिणार. यकृताचा एक तुकडा थेट द्रव नायट्रोजनमध्ये, दुसरा बारीक चिरून एक टक्का फॉर्मल्डिहाइडमध्ये दहा मिनिटं, मग ग्लायसिन घालून ती क्रिया थांबवायची. दहा म्हणजे दहाच. जास्त वेळ ठेवलं तर डीएनए आणि प्रथिनं इतकी घट्ट बांधली जातात की पुढे तुकडेच होत नाहीत. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. लाल उजेडात यकृत काळपट दिसतं आणि बर्फावर ठेवलेल्या हातांना बोटं आहेत की नाही तेही समजत नाही. एवढी थकले होते, तरी त्या पहाटे मला फार समाधान वाटलं होतं.

ही रात्रपाळी टाळायचा एक मार्ग आहे. निम्मे उंदीर उलट्या वेळापत्रकाच्या कपाटात ठेवायचे, म्हणजे त्यांची रात्र आपल्या दिवसात येते. त्यांना सरावायला दोन आठवडे तरी द्यावे लागतात आणि हे एथिक्सच्या अर्जात आधी लिहिलेलं असावं लागतं. पुढच्या फेऱ्या आम्ही अशाच केल्या.

अँटिबॉडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त नवी मुलं इथेच अडकतात. डीएनएवर रेव्ह-अर्ब कुठे बसतो हे शोधायला चिप-सिक्वेन्सिंग करतात आणि त्याचा सगळा डोलारा अँटिबॉडीवर, म्हणजे नेमकं तेच प्रथिन पकडणाऱ्या रेणूवर, असतो. सुरुवातीला मी कंपनीच्या माहितीपत्रकातला सुंदर बँड (अँटिबॉडीने प्रथिन पकडल्याची पट्टी) पाहून हुरळले होते. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, म्हणाल्या, "बँड दिसला म्हणजे रिसेप्टर दिसला असं नाही. नॉकआऊटचं लिव्हर शेजारी चालव, मग बोलू." ज्या उंदरात हे जनुकच नाही त्याच्या यकृतात बँड दिसायला नको. आम्ही मागवलेल्या अँटिबॉडींपैकी काहींनी नॉकआऊटमध्येही तसाच ठसठशीत बँड दिला. हे फक्त आमच्याच बाबतीत घडत नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटासाठी वापरात असलेल्या १३ अँटिबॉडी २०१७ मध्ये एका गटाने तपासल्या, तर त्यातली एकच पुरेशी खात्रीची निघाली. इतकी वर्षं त्या रिसेप्टरवर झालेल्या कामाचा किती भाग आता पुन्हा तपासावा लागणार, हा विचार मला अस्वस्थ करतो. रेव्ह-अर्बवर काम करणाऱ्यांना एक जादा सोय आहे: रात्री उशिराच्या नमुन्यात तो नसतोच, त्यामुळे दिवसाचा आणि रात्रीचा नमुना शेजारी शेजारी चालवून पहिली चाळणी लावता येते. तरी अंतिम निकाल नॉकआऊटचाच. आणि पॉलिक्लोनल (अनेक प्रकारच्या अँटिबॉडींचं मिश्रण असलेल्या) अँटिबॉडीचा लॉट बदलला की पुन्हा तपासा. चांगला लॉट सापडला की त्याच लॉटच्या कुप्या पुढच्या वर्षापुरत्या राखून ठेवायला सांगा. त्या महाग असतात, पण एका फसलेल्या सिक्वेन्सिंगपेक्षा स्वस्तच पडतात.

आणखी एक बारकी गोष्ट. रेव्ह-अर्ब अल्फाचं जनुक थायरॉइड रिसेप्टर अल्फाच्या जनुकाच्या समोरच्या धाग्यावर आहे आणि दोघांची टोकं एकमेकांवर येतात. आरएनए सिक्वेन्सिंग करताना कोणता धागा वाचला हे कळेल अशीच लायब्ररी (मशीनवर वाचायला तयार केलेला नमुना) बनवून घ्या, नाहीतर त्या भागातले आकडे कुणाचे हे सांगता येत नाही.

पेशींवरचं काम समांतर चालू होतं. डिशमधल्या पेशींची घड्याळं एकमेकींशी जुळलेली नसतात. १९९८ मध्ये शिब्लर यांच्या लॅबने दाखवलं की भरपूर सीरम (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढून उरलेला द्रव) थोडा वेळ दिलं तर ती जुळतात, आणि २००० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोननेही तेच होतं. पण डेक्सामेथासोन स्वतः ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला, म्हणजे दुसऱ्या न्यूक्लिअर रिसेप्टरला, चालना देतं आणि चरबीच्या जनुकांवर त्याचाही हात असतो. म्हणून आम्ही दोन्ही पद्धतींनी घड्याळं जुळवली आणि जे दोन्हीकडे दिसलं तेच धरलं. हॉर्मोनवर काम करणाऱ्या कुणालाही दोन गोष्टी सांगेन. पेशींच्या माध्यमातला फिनॉल रेड हा लाल रंग इस्ट्रोजेनसारखा वागतो, हे १९८६ पासून माहीत आहे, म्हणून रंगविरहित माध्यम घ्या. आणि सीरममध्ये स्टेरॉइड हॉर्मोनं असतातच, ती कोळशाच्या भुकटीने काढलेलं सीरम वापरा.

२०१८ संपताना माझ्याकडे एक छान गोष्ट तयार होती. एसआर९००९ दिल्यावर चरबीची बरीच जनुकं दबत होती, बीमॅल-१ दबत होतं, आलेख स्वच्छ होते. पेपरचा पहिला मसुदा लिहायला घेतला होता.

२०१९ च्या मध्यावर तो पेपर आला. अमेरिकेतल्या एका गटाने रेव्ह-अर्ब अल्फा आणि त्याचा जुळा भाऊ बीटा, दोन्ही काढून टाकलेल्या पेशींना एसआर९००९ दिलं. रिसेप्टर एकही नव्हता आणि औषध तरीही काम करत होतं. पेशींची वाढ बदलत होती, चयापचय बदलत होतं, जनुकं वरखाली होत होती. सकाळी मी तो लॅबमध्ये उभ्यानेच वाचला. माझे सगळे आलेख बरोबर होते, प्रयोग नीट झाले होते, पण ते रेव्ह-अर्बबद्दल काही सांगत होते की फक्त त्या रेणूबद्दल, हे आता मला सांगता येत नव्हतं. चार वर्षं गेली होती. त्या आठवड्यात मी घरी कुणाशी धड बोलले नाही. शिष्यवृत्तीची मुदत किती उरली आहे ते पुन्हापुन्हा पाहायचे.

मॅडमनी पेपर वाचला, दोन दिवस घेतले आणि मग एकच वाक्य फळ्यावर लिहिलं: रिसेप्टर नसताना काय उरतं? पुढची दोन वर्षं त्या प्रश्नात गेली. आमच्याकडे अल्फा काढता येणारे उंदीर होते, पण अल्फा गेला की बीटा बऱ्याच अंशी त्याची जागा घेतो. दोन्ही काढायला हवे होते. म्हणजे नवे उंदीर, नवा करार, एथिक्सची दुरुस्ती, आणि क्री हे जनुक कापून काढणारं एन्झाइम पेशीत पोचवायला ॲडिनोव्हायरस वापरणार म्हणून जैवसुरक्षा कमिटीची वेगळी मंजुरी. या वेळी सगळं लवकर झालं, कारण जुन्या कराराचा मसुदा दोन्ही कायदा विभागांना माहीत होता आणि एथिक्सला नवा अर्ज न करता जुन्यातच दुरुस्ती मागता आली. चालू परवानगीत दुरुस्ती बसते का हे कमिटीच्या सचिवांना आधी फोन करून विचारा. त्यांना नियम आपल्यापेक्षा चांगले माहीत असतात आणि बहुतेक जण मनापासून मदत करतात.

अल्फा उंदराच्या ११ व्या गुणसूत्रावर, बीटा १४ व्या. दोन्ही स्वतंत्रपणे पुढच्या पिढीत जातात. दोन्ही जनुकांच्या दोन्ही प्रती हव्या तशा असलेलं पिल्लू सरासरी सोळात एक. हवी ती पहिली जोडी मिळाली फेब्रुवारी २०२० मध्ये. मार्चमध्ये लॅब बंद झाली.

प्राणिगृह चालू होतं, पण कर्मचारी अर्धे येणार म्हणून प्रत्येक गटाला पिंजरे कमी करायचा आदेश आला. कोणते उंदीर ठेवायचे याची यादी मी घरून केली. आधी डुप्लिकेट वंश, मग म्हातारे, मग ज्यांचा प्रयोग झाला होता ते. सोळात एक म्हणून ज्यांची वाट पाहिली त्यातलेही काही त्या यादीत लिहावे लागले, आणि ते लिहिताना मला रडू आलं. त्यातल्या त्यात एक चांगलं झालं. मॅडमनी आदल्याच महिन्यात दोन्ही वंशांचे शुक्राणू गोठवून घेतले होते. तुमच्याकडे मिळायला कठीण असा वंश असेल तर तो आल्याबरोबर गोठवा. खर्च एकदाच होतो आणि उंदीर गेले तरी वंश जात नाही.

लॅब उन्हाळ्यात थोडी थोडी उघडली. पाळीपाळीने यायचं, एका बाकावर एकच जण. खरा प्रयोग झाला त्या हिवाळ्यात. उंदराच्या यकृतात कोलॅजिनेझ हे पेशींना बांधणारं जाळं तोडणारं एन्झाइम सोडून पेशी सुट्या करायच्या, ट्रिपॅन ब्लू या रंगाने जिवंत किती ते पाहायचं आणि लगेच कामाला लागायचं, कारण या पेशी डिशमध्ये एक-दोन दिवसांत यकृतपण हरवायला लागतात. निम्म्या डिशना क्री असलेला व्हायरस, निम्म्यांना फक्त हिरवं प्रथिन असलेला, दोन्ही एकाच मात्रेत, कारण नुसत्या व्हायरसनेही पेशी बिथरतात. मग दोन्हीकडे औषध आणि दोन्हीकडे नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचा द्रव. या चार खणांच्या तक्त्यात पूर्ण थिसिस बसतो.

निकाल आला तेव्हा माझी जनुकांची यादी पुष्कळ आखडली. पूर्वी औषधाने दबलेली कित्येक जनुकं रिसेप्टर नसतानाही तशीच दबत होती. ती बाजूला काढली. जी जनुकं रिसेप्टर असतानाच दबतात, रिसेप्टर काढल्यावर आपोआप वर येतात आणि ज्यांच्या शेजारी चिपमध्ये रेव्ह-अर्ब दुपारी बसलेला आणि रात्री उठलेला दिसतो, तेवढीच ठेवली. या तिन्ही अटी पार करणारी यादी छोटी होती, पण तिच्यातल्या प्रत्येक जनुकाबद्दल मी आता कुणाशीही वाद घालू शकत होते. जनुक किती चालू आहे ते उजेडावरून मोजणाऱ्या ल्युसिफरेजच्या प्रयोगांवर अवलंबून असणाऱ्यांसाठी एक सूचना: काही रेणू काजव्याच्या ल्युसिफरेज एन्झाइमवरच परिणाम करतात, तेव्हा तोच निकाल आरएनए मोजूनही मिळतो का ते पाहाच.

एप्रिल २०२१ मध्ये पेपर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे परीक्षणाआधीच, बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर टाकला आणि जर्नलला पाठवला. पहिल्या जर्नलने परीक्षणाला न पाठवताच नाकारला. दुसऱ्याने पाठवला. तीन परीक्षकांपैकी एकाने तालाचं संख्याशास्त्र पुन्हा करायला सांगितलं, एकाने मादी उंदरांची माहिती मागितली, आणि तिसऱ्याने आधीच्या औषध-पेपरांबद्दलची आमची भाषा सौम्य करायला सांगितली. त्याचं बरोबर होतं. त्या लोकांनी त्यांच्या वेळी उपलब्ध साधनांनी काम केलं होतं. उत्तरांचं पत्र पेपरपेक्षा लांब झालं. सिक्वेन्सिंगची मूळ माहिती सार्वजनिक भांडारात जमा केल्याचा क्रमांक लागतो. तो मिळायला दिवस लागतात आणि प्रत्येक नमुन्याचा तपशील द्यावा लागतो, म्हणून प्रयोगाच्या वेळीच तक्ता भरत जा. पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून जर्नल घेतं ते मुक्त प्रवेशाचं शुल्क आमच्या अनुदानात बसणारं नव्हतं. मॅडमनी सवलतीचा अर्ज पेपर पाठवतानाच केला होता. अनेक जर्नलांमध्ये तो मान्यतेनंतर स्वीकारत नाहीत, तेव्हा आधीच चौकशी करा. पेपर नोव्हेंबरमध्ये स्वीकारला गेला.

थिसिस त्यानंतर लवकर लिहून झाला, वेळ खाल्ला तो सोपस्कारांनी. साम्य-तपासणीत माझ्याच पेपरशी जुळणारा मजकूर निघाला आणि तो माझाच असल्याचं गाईडचं पत्र जोडावं लागलं. आकृत्या पुन्हा वापरायला जर्नलची परवानगी, सहलेखकांची कुणी काय केलं याची निवेदनं, प्राणी आणि जैवसुरक्षा मंजुरीच्या प्रती, सगळं मार्च २०२२ मध्ये एकत्र दिलं. परीक्षकांचे अहवाल यायला पाच महिन्यांच्या वर लागले. या काळात विद्यापीठाच्या कार्यालयात कुणाकडे चौकशी करायची ते एक नाव माहीत असू द्या.

व्हायवात मला भीती होती ती आकडेमोडीची. पण परीक्षकांनी विचारलं, "उंदीर रात्री जागतो, माणूस दिवसा. तुमच्या वेळापत्रकाचा माणसाला काय उपयोग?" मी २०१८ मधल्या बबून माकडांवरच्या अभ्यासाचा आधार घेतला. दिवसा जागणाऱ्या या प्राण्याच्या ६४ ऊतींत घड्याळाची जनुकं तपासली, तेव्हा बहुतेक अवयवांत ताल उंदराच्या तुलनेत सुमारे बारा तास सरकलेला निघाला. म्हणजे वेळ उजेडाशी न जुळवता जागेपणाशी जुळवून पाहायला हवी. त्यावर अर्धा तास गप्पा झाल्या आणि मी व्हायवा चालू आहे हे विसरून गेले.

जाण्याआधी सगळं सोपवलं: गोठवलेल्या शुक्राणूंच्या नळ्यांची यादी, अँटिबॉडीचे लॉट नंबर, तपासलेली आणि नाकारलेली दोन्ही, व्हायरसच्या बॅचेस, आणि ती बाजूला काढलेली जनुकांची यादी. रिसेप्टर नसताना एसआर९००९ नेमकं कुणाला चिकटून ती जनुकं दाबतं, हे मला सापडलं नाही. तो प्रश्न नव्या विद्यार्थिनीने घेतला आहे आणि तिचा एथिक्सचा अर्ज, संख्याशास्त्राचं पान जोडून, येत्या बैठकीत आहे.